सावलीचे मोजमाप : कुंडीतील कॉफीच्या झुडपाची जोपासना

प्रस्तावना :

महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारापाशी, व्हरांड्यात आणि प्राचार्यांच्या दालनात शोभेच्या कुंड्या मांडण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी तर या कुंड्यांची संख्या एकाएकी वाढते. भेट आटोपते, दोन-चार महिने लोटतात आणि त्यांपैकी बहुतेक झाडे पाने गाळून वाळून जातात. पुढच्या प्रसंगी पुन्हा नवी खरेदी होते. या नुकसानीचा दोष सहसा शिपायाच्या पाणी घालण्यावर किंवा रोपवाटिकेच्या मालावर ढकलला जातो. प्रत्यक्षात बहुतांश वेळा चूक त्याआधीच झालेली असते. 'हे सावलीतले झाड आहे' एवढ्या एका वाक्यावर विसंबून आपण त्याची जागा ठरवतो. सावली म्हणजे नेमका किती प्रकाश, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार कॉफीच्या झुडपाच्या आधारे केला आहे. कॉफी हे पेय प्राध्यापक वर्गाला सुपरिचित आहे. परंतु कॉफीचे झाड ही एक देखणी, सदाहरित, सावलीप्रिय वनस्पती असून ती कुंडीत व घरातही उत्तम वाढते, ही बाब तितकीशी परिचित नाही. चकचकीत गर्द हिरवी, कडेला लहरदार आणि समोरासमोर जोडीने येणारी पाने, जाईची आठवण करून देणारी सुवासिक पांढरी फुले आणि पिकल्यावर लालबुंद होणारी फळे यांमुळे शोभेचे झाड म्हणूनही ते कोठेच कमी पडत नाही. शिवाय चुकीच्या जागी ठेवल्यास त्याची पाने ते लगेच दाखवून देतात. म्हणूनच सावलीचा अर्थ शिकण्यासाठी हे झाड विशेष उपयुक्त आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) कॉफीच्या झुडपाच्या मूळ अधिवासावरून त्याच्या गरजा समजून घेणे.
२) 'सावलीप्रिय' या संज्ञेचा शास्त्रीय अर्थ स्पष्ट करणे.
३) महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भाच्या मैदानी भागातील हवामानात या झुडपाची जोपासना कशी करावी, याचे विवेचन करणे.

मूळ अधिवास आणि प्रवास :

कॉफीच्या जगभरात सव्वाशेच्या आसपास वन्य प्रजाती आहेत. त्यांपैकी व्यापारी महत्त्वाच्या दोन, अरॅबिका आणि रोबस्टा. घरातील जोपासनेसाठी अरॅबिका अधिक सोयीची, कारण तिचा आकार आटोपशीर असतो आणि एकट्या झाडालाही फळे धरतात. रोबस्टात परागसिंचनासाठी वेगळ्या झाडाची गरज असते. लिनियसने १७५३ मध्ये 'कॉफिया अरॅबिका' असे नामकरण करताना अरबस्तानाचा निर्देश केला असला, तरी या प्रजातीचे मूळ घर नैर्ऋत्य इथिओपियाच्या डोंगराळ जंगलांत आहे. तेथे सुमारे १,३०० ते २,००० मीटर उंचीवर, मोठ्या वृक्षांच्या छत्राखालच्या थरात ती वाढते. वरच्या पानोळ्यातून गाळून आलेला प्रकाश, सौम्य तापमान, दमट हवा आणि कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत जमीन, ही तिची जन्मजात परिस्थिती होय.

भारतात कॉफी आणण्याचे श्रेय परंपरेने सतराव्या शतकातील सूफी संत बाबा बुदन यांना दिले जाते. त्यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, अशी कथा आहे. कुंडीतील कॉफीचा इतिहासही तेवढाच रंजक आहे. १७०६ च्या सुमारास जावा बेटावरून एक रोप अॅमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोहोचले व तेथील काचगृहात वाढवले गेले. त्याच्या वंशातील एक झाड १७१४ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट देण्यात आले. पॅरिसच्या राजोद्यानातील या झाडाच्या वंशातले एक रोप गॅब्रिएल द क्लिऊ या नौदल अधिकाऱ्याने १७२० च्या दशकात कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर नेले. प्रवासात पिण्याच्या पाण्याची टंचाई पडली तेव्हा आपल्या वाट्याचे पाणी आपण रोपाला घातले, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. नव्या जगातील कॉफीच्या विस्तारामागे अशा रीतीने कुंडीत जपलेल्या मोजक्या रोपांचा वाटा आहे.

भारतात आजही कॉफी मुख्यत्वे सावलीखालीच पिकवली जाते. कर्नाटकातील मळ्यांत खालच्या थरात पांगारा आणि वरच्या थरात सिल्व्हर ओक, फणस, उंबरवर्गीय वृक्ष अशी दुहेरी सावली राखण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे सुमारे १,१०० मीटर उंचीवरील ठिकाण कॉफीसाठी ओळखले जाते. मैदानात पारा ४४-४५ अंशांवर असताना तेथे वृक्षांच्या सावलीत ही झुडपे हिरवीगार उभी असतात. अभ्यास सहलीत ती पाहिल्यावर विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'सर, हे आपल्या कॉलेजात का लागत नाही?' पुढील विवेचन हे एका अर्थाने त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

सावली म्हणजे काळोख नव्हे :

निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. कॉफीचे पान त्याच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रकाशातच प्रकाशसंश्लेषणाची कमाल मर्यादा गाठते. त्यापुढील प्रकाश पानाला वापरता येत नाही. उलट, पानाचे तापमान वाढते, पर्णरंध्रे मिटतात आणि हरितद्रव्याची हानी होऊन पान करपते. सावलीप्रिय याचा एक अर्थ असा, की या झाडाला जादा प्रकाश सोसत नाही.

दुसरा अर्थ मात्र आपण विसरतो. झाड दिवसभरात जे अन्न तयार करते, त्यातील काही भाग श्वसनात खर्च होतो. तयार होणारे अन्न आणि खर्च होणारे अन्न ज्या प्रकाशात समसमान होते, त्याला प्रकाशाचा समतोल बिंदू म्हणता येईल. सावलीतील वनस्पतींमध्ये हा बिंदू खाली असतो, शून्यावर नसतो. त्याच्याही खालच्या प्रकाशात ठेवलेले झाड साठवलेल्या अन्नावर जगते. शिल्लक काढून खाणाऱ्या कुटुंबाप्रमाणे ते काही महिने वरवर सुस्थितीत दिसते आणि मग कोसळते. शोभेच्या कुंड्या खरेदीनंतर दोन-चार महिन्यांनी वाळतात, त्याचे रहस्य येथे आहे.

येथे आपले डोळे आपल्याला फसवतात. बाहुली लहान-मोठी होत असल्याने पाचशे लक्सचे दालन आणि पाच हजार लक्सची खिडकी यांतील दहापट अंतर आपल्याला जाणवत नाही. थेट ऊन नसलेल्या मोठ्या खिडकीलगत साधारण दोन ते पाच हजार लक्स प्रकाश मिळतो. तेथून दोन-तीन मीटर आत तो काही शेकड्यांवर येतो. वाचनाला पुरेसा असलेला प्रकाश कॉफीच्या पानाला उपवास घडवणारा असतो.

मळ्यातील सावलीचे आणखी एक कार्य लक्षात घेण्यासारखे आहे. उघड्या उन्हात अरॅबिकाला प्रमाणाबाहेर फुले व फळे येतात. ती पोसताना फांद्यांतील अन्नसाठा संपतो आणि शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात. खोड पोखरणारा पांढरा भुंगेराही सावली विरळ असलेल्या ठिकाणी अधिक आढळतो. सावली झाडाला मितव्ययी ठेवते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

तीन रोपांचा अनुभव :

काही वर्षांपूर्वी विभागासाठी अरॅबिकाची तीन रोपे जुलै महिन्यात आणली. पहिले रोप शोभेसाठी इमारतीच्या पश्चिमेकडील पोर्चमध्ये ठेवले. तेथे छप्पर होते, म्हणजे सावली आहे, असा समज होता. हिवाळ्यापर्यंत ते जोमाने वाढले. मार्चपासून दुपारनंतरचे तिरपे ऊन छपराखालून आत येऊ लागले आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाने तपकिरी होऊन झाड गेले. दुसरे रोप प्रयोगशाळेतील कपाटाजवळच्या कोपऱ्यात होते. ऊन लागत नाही, म्हणून ते सर्वांत सुरक्षित वाटले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याचे खोड काठीसारखे लांबले, पेरांतील अंतर वाढले, खालची पाने पिवळी पडली. 'पाणी कमी पडते' या समजुतीने पाणी वाढवले आणि मुळे कुजली. तिसरे रोप पूर्वेकडील खिडकीत, लाकडी जाळीमागे, केवळ दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ठेवलेले होते. ते जगले आणि चौथ्या वर्षी फुलले.

रोपे एकाच वयाची, माती एकच, पाणी घालणारी व्यक्तीही एकच. फरक होता तो जागेचा. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यानेही जागा अंदाजानेच निवडली होती, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

जागेची निवड :

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत घरातील कॉफीसाठी 'उजेडाची, ऊबदार खिडकी' सुचवलेली आढळते. हा सल्ला त्या प्रदेशासाठी योग्य आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. अमरावतीच्या अक्षांशावर तो त्याच वेळी सुमारे ४५ अंशांवर असतो. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास तर तो आपल्या डोक्यावर येतो. तेथे प्रकाशाची टंचाई आहे, येथे त्याचा अतिरेक आहे. म्हणून परदेशी सल्ला भाषांतरित करून भागत नाही, तो अक्षांशानुसार बदलून घ्यावा लागतो.

आपल्याकडे पूर्वेची खिडकी किंवा सज्जा सर्वोत्तम. सकाळचे आठ-साडेआठपर्यंतचे कोवळे ऊन कॉफीला मानवते. उत्तरेची मोठी खिडकीही चालते. दक्षिणेकडे जाळी किंवा पातळ पडदा लावावा. पश्चिमेची बाजू उन्हाळ्यात पूर्णपणे टाळावी. बागेत लावावयाचे असल्यास आंबा, फणस किंवा पांगारा यांच्या पूर्वेच्या अंगाला लावावे, म्हणजे दुपारनंतर झाडाची सावली मिळते. तेवढी सोय नसल्यास पन्नास टक्के सावली देणारी शेडनेट वापरावी.

मोजमापासाठी भौतिकशास्त्र विभागातील लक्समापक उपयोगी पडतो. भ्रमणध्वनीवरील प्रकाशमापक ढोबळ असले, तरी दोन जागांची तुलना करण्यास पुरेसे असतात. साधन नसल्यास एक सोपी कसोटी आहे. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर एक फुटावर हात धरावा. सावली धारदार पडली तर ऊन जास्त आहे; अस्पष्ट पण ओळखता येण्याजोगी पडली तर जागा योग्य आहे; सावलीच पडली नाही तर ती जागा झाडासाठी नव्हे.

रोप, माती आणि पाणी :

भाजलेली कॉफी रुजत नाही हे उघड आहे. परंतु दुकानातील न भाजलेल्या हिरव्या बियाही बहुधा रुजत नाहीत, कारण कॉफीच्या बियांची उगवणक्षमता काही महिन्यांतच संपते. पिकलेले ताजे फळ मिळाल्यास गर काढून, वरचे कडक आवरण तसेच ठेवून बी सावलीत सुकवावे व सपाट बाजू खाली करून हलक्या मातीत पेरावे. उगवणीला सुमारे दीड महिना लागतो. अंकुर बियाचे आवरण डोक्यावर घेऊन वर येतो. टोपी घातल्यासारख्या दिसणाऱ्या या अवस्थेत रोप पिशवीत हलवतात. आडव्या फांदीचे कलम मात्र करू नये. कॉफीत उभ्या आणि आडव्या फांद्यांचा स्वभाव ठरलेला असतो. आडव्या फांदीपासून झालेले झाड आडवेच पसरते. कुंडीसाठी भारतात विकसित झालेला 'चंद्रगिरी' हा बुटका वाण सोयीचा आहे.

कॉफीला किंचित आम्ल माती लागते. सामू ६ ते ६.५ असावा. विदर्भातील काळी माती विम्लधर्मी, ओली झाल्यावर फुगणारी व वाळल्यावर भेगाळणारी असते. म्हणून ती कुंडीत वापरू नये. लाल माती, कुजलेला पालापाचोळा, कोकोपीट आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन मिश्रण करावे. उरलेला कॉफीचा चोथा थेट कुंडीत टाकण्याची पद्धत दिसते, परंतु ताज्या चोथ्याने रोपांची वाढ खुंटू शकते. तो आधी कंपोस्टमध्ये पूर्ण कुजवावा.

पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याची प्रतही महत्त्वाची आहे. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षारांमुळे मातीचा सामू वाढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर हे लक्षण समजावे. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसर म्हणून कुंड्यांना घातले जाते; त्यात क्षार अधिकच एकवटलेले असल्याने ते कॉफीला घालू नये. त्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी किंवा वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी वापरावे. त्यात क्षार जवळजवळ नसतात. वरची बोटभर माती कोरडी झाली की भरपूर पाणी घालावे, आणि तळाची छिद्रे मोकळी आहेत याची पावसाळ्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

उन्हाळ्याची कसोटी :

अरॅबिकाला १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते. विदर्भातील मे महिन्याशी त्याची तुलनाच नको. तरीही आपल्याकडे एक सोय आहे, ती म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी हवा थंड आणि दमट असते. कूलरच्या खोलीत, परंतु त्याच्या थेट झोतापासून दूर ठेवलेली कॉफी उन्हाळा निभावून नेते. वातानुकूलित खोलीतील हवा मात्र कोरडी असते. तेथे पानांच्या कडा वाळतात. ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या कुंडीत झाडाची मातीची कुंडी ठेवल्यास मुळे थंड राहतात.

कोरड्या उष्णतेत लाल कोळी, तर कोंदट जागी पिठ्या ढेकूण व खवले कीड दिसते. आठवड्यातून एकदा पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसल्यास निम्मे काम होते. पानाच्या मागे शिरांच्या बेचक्यांत दिसणारे बारीक खळगे ही कीड नव्हे; ती पानाची नैसर्गिक रचना आहे. प्रादुर्भाव झाल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलीटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

फुलोरा :

रोप तीन-चार वर्षांचे झाल्यावर फुलू शकते. हिवाळ्यात धरलेल्या कळ्या कोरड्या काळात निद्रिस्त राहतात. मार्च-एप्रिलमधील पहिल्या सरींनी त्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांत सारा मळा एकदम पांढरा होतो. कुंडीत हे घडवण्यासाठी डिसेंबरनंतर पाणी कमी करावे, मात्र पाने लोंबू देऊ नयेत. आणि मार्चच्या आरंभी एक दिवस कुंडी भरपूर भिजवावी. फुले दोन-तीन दिवस टिकतात. फळे पिकण्यास आठ-नऊ महिने लागतात. जून ते ऑक्टोबर या वाढीच्या काळात महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत द्यावे. झाड अडीच फुटांचे झाल्यावर शेंडा खुडल्यास ते डेरेदार होते.

मर्यादा आणि महत्त्व :

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असे हमखास सांगितले जाते. त्याचा आधार म्हणून 'नासा'चा १९८९ चा प्रयोग पुढे केला जातो. परंतु तो बंदिस्त पेट्यांत झाला होता. २०१९ च्या एका आढाव्यानुसार सामान्य वायुवीजनाइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. तेव्हा कॉफीची कुंडी हवा शुद्ध करण्यासाठी ठेवू नये. ती ठेवण्याची कारणे वेगळी आहेत. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार कॉफीच्या वन्य प्रजातींपैकी सुमारे ६० टक्के नष्ट होण्याच्या धोक्यात असून, वन्य अरॅबिकाही संकटग्रस्त ठरली आहे. जंगलतोड व हवामानबदल ही त्यामागील प्रमुख कारणे होत. ज्या छत्राखाली हे झाड जगते ते छत्रच विरळ होत आहे. खिडकीतील एका कुंडीने इथिओपियाचे जंगल वाचणार नाही. परंतु सावली ही या झाडाची गरज आहे, हे ज्याने रोज पाहिले आहे, त्याला जंगलाच्या छत्राचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही.

निष्कर्ष :

१) सावलीप्रिय वनस्पतीला प्रकाशाची वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा असतात. उन्हात ती करपते, तर काळोखात तिची उपासमार होते.
२) कॉफीचे झुडूप मैदानी महाराष्ट्रात पूर्वेच्या गाळीव प्रकाशात, आम्लधर्मी मातीत आणि क्षारविरहित पाण्यावर कुंडीत वाढवता येते.
३) परदेशी पुस्तकांतील जोपासनेच्या सूचना अक्षांश व हवामान यांनुसार पारखून घेणे आवश्यक आहे.
४) कुंड्या खरेदी करण्यापूर्वी महाविद्यालयाने प्रत्येक नियोजित जागेचा प्रकाश सकाळी, दुपारी व सायंकाळी मोजून त्याची नोंद करावी. हे काम पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांकडून एका दिवसात होण्याजोगे आहे. जेथे प्रकाश अपुरा ठरेल, तेथे झाड न ठेवणे हेच योग्य होय; त्या जागी एखादे चित्र लावावे.